तीन सूत अधिक पाव इंच : रात्रशाळेतील अपूर्णांकांचे एक प्रकरण

परळ-लालबाग परिसरातील एका रात्रशाळेत आठवीच्या वर्गाला अपूर्णांकांची बेरीज शिकवली जात असताना एका विद्यार्थ्याच्या वहीतील उत्तरात आणि त्याच्याच तोंडी उत्तरात जी तफावत आढळली, तिचा हा प्रकरण अभ्यास आहे. विद्यार्थी सतरा वर्षांचा, मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला, मामाकडे राहणारा आणि दिवसभर रे रोडच्या लाकूडबाजाराजवळील एका फर्निचरच्या कारखान्यात मिस्त्रीच्या हाताखाली काम करणारा. गिरणगावातील रात्रशाळांचे वर्ग एकेकाळी प्रामुख्याने गिरणी कामगारांनी भरत असत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तरी काही शाळा टिकल्या आणि त्यांच्या बाकांवर हॉटेलांत, कुरिअरच्या कचेऱ्यांत आणि सुतारकामाच्या कारखान्यांत राबणारी मुले येऊन बसू लागली. अशा वर्गात जवळजवळ प्रत्येक जण दिवसभर कशाचे ना कशाचे मोजमाप किंवा हिशेब करून आलेला असतो, ही बाब शिक्षकाने विसरता कामा नये असे मला वाटते. मी या वर्गात केवळ निरीक्षक होतो. शिकवणाऱ्या बाई शाळेच्या नेहमीच्या गणित शिक्षिका होत्या.

प्रसंग

फळ्यावर ३/८ + १/४ ही बेरीज होती. छेद समान करण्याची रीत आदल्या तासाला सांगून झाली होती. या विद्यार्थ्याने वहीत अंशांत अंश आणि छेदांत छेद मिळवून ४/१२ असे उत्तर लिहिले. ही चूक कोणत्याही शाळेत, कोणत्याही वर्गात आढळते आणि तेवढ्यावर तिची नोंद घेण्याचे कारण नव्हते. मात्र बाईंना तो कुठे काम करतो हे ठाऊक होते, आणि त्याच्या शर्टाच्या खिशातून मोजण्याची टेप डोकावत होती. त्यांनी वही मिटायला सांगितली आणि विचारले, "फळी तीन सूत वाढवली, मग आणखी पाव इंच वाढवली, तर एकूण किती वाढली?"

"पाच सूत," तो क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला.

"मग वहीत चार छेद बारा कुठून आलं?"

"ते गणितातलं आहे ना, बाई."

सुतारकामाशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी सांगायला हवे की सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, मिलिमीटरमध्ये ३.१७५. पाव इंच म्हणजे दोन सूत, अर्धा इंच म्हणजे चार, पाऊण इंच म्हणजे सहा. बांधकामावर दहा मिलिमीटरच्या सळईला तीन सुती आणि बारा मिलिमीटरच्या सळईला चार सुती म्हणण्याची पद्धत आजही सर्रास चालते. तेव्हा तीन सूत अधिक पाव इंच म्हणजे पाच सूत, अर्थात ५/८ इंच, हे उत्तर निर्दोष आहे.

वहीतील उत्तर केवळ चुकीचे नाही, तर विचित्र आहे. ४/१२ म्हणजे १/३, आणि १/३ हा ३/८ पेक्षा लहान आहे. फळीत भर घातल्यावर ती आखूड झाली, असे हे उत्तर सांगते. कारखान्यात असे कोणी म्हटले असते तर या मुलाने त्याला वेड्यात काढले असते. वहीत मात्र त्याला ते खटकलेही नाही. त्याच्या दृष्टीने वहीतील ३/८ ही लांबी नव्हती, आडव्या रेषेच्या वर आणि खाली लिहिलेले दोन आकडे होते, आणि त्या आकड्यांचे काय करायचे याचे नियम शाळेचे होते.

दोन सोपी निदाने

प्रसंगानंतर शिक्षकांच्या खोलीत जी चर्चा झाली तिच्यात दोन मते पुढे आली. पहिले असे की मुलाचा पाया कच्चा आहे, पाचवी-सहावीचे अपूर्णांक त्याला कळलेले नाहीत, म्हणून ते पुन्हा घोटून घ्यावेत. दुसरे असे की मुलाला अपूर्णांक उत्तम येतात, केवळ शाळेची भाषा त्याला परकी आहे. सूत हा शब्द वापरून शिकवले की काम झाले. दुसरे मत अधिक उदार आहे आणि आजकाल शिक्षक प्रशिक्षणात ते आवडीने मांडले जाते. माझ्या मते दोन्ही निदाने उथळ आहेत, आणि दुसरे अधिक फसवे आहे.

त्याचे कारण असे. "तीन सूत आणि दोन सूत मिळून पाच सूत" ही पूर्ण संख्यांची बेरीज आहे. तिच्यात छेद कोठेच येत नाही, कारण छेदाचे सारे काम टेपच्या निर्मात्याने इंचाचे आठ भाग करून आधीच उरकून ठेवलेले आहे. पाव इंच म्हणजे दोन सूत हे या मुलाला ठाऊक आहे ते टेपवरील एक वस्तुस्थिती म्हणून. १/४ आणि २/८ यांच्या सममूल्यतेचा नियम म्हणून नव्हे. सूत ही अपूर्णांक हाताळण्याची नव्हे, तर अपूर्णांक टाळण्याची अत्यंत कार्यक्षम व्यवस्था आहे. ती ज्या समाजाने घडवली त्याची गरजही नेमकी तीच होती: धूळ, आवाज आणि घाईत उभ्या असलेल्या माणसाला छेदांचा विचार करावा लागू नये. म्हणून "याला अपूर्णांक येतातच" असे म्हणणे म्हणजे त्याच्या ज्ञानाचा गौरव करताना ते ज्ञान नेमके काय आहे हे न पाहणे होय.

व्यवहारातील आणि शाळेतील गणित यांतील दरीचा सर्वपरिचित अभ्यास ब्राझीलमधील रेसिफे शहरातील आहे. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तेरेझिन्हा न्यूनेस, डेव्हिड कॅराहर आणि ॲनालुसिया श्लीमन यांनी रस्त्यावर नारळ, फळे असा माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांना आधी गिऱ्हाईक बनून प्रश्न विचारले आणि नंतर तशाच आकड्यांचे प्रश्न कागदावर दिले. विक्री करताना त्यांची ९८.२ टक्के उत्तरे बरोबर आली. शाब्दिक उदाहरणांत हे प्रमाण ७३.७ टक्क्यांवर आले आणि नुसत्या आकडेमोडीत ३६.८ टक्क्यांवर. एका मुलाने ३५ क्रुझेरोला एक या दराने दहा नारळांची किंमत सांगताना शून्य जोडण्याची शालेय युक्ती वापरलीच नाही. तीन नारळांचे १०५, सहांचे २१० असे करत तो ३५० पर्यंत पोहोचला. ब्राझीलचेच गणितज्ञ उबिराटन डि'अँब्रोसियो यांनी अशा समाजसिद्ध गणिताच्या अभ्यासाला एथ्नोमॅथेमॅटिक्स हे नाव रूढ केले. आपल्याकडे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील संशोधकांनीही, घरोघरी लघुउद्योग चालणाऱ्या मुंबईतील वस्तीमधील मुलांच्या शाळेबाहेरील गणिती ज्ञानाचा अभ्यास केलेला आहे. या संशोधनाने पहिले निदान कायमचे मोडीत काढले. मात्र दोन गणितांमधील फरक केवळ भाषेचा आहे असे त्यातून निघत नाही, आणि हे समजण्यासाठी कारखान्यात जाणे भाग होते.

पात्याने खाल्लेले

मी गेलो त्या दिवशी एका कपाटाचे ड्रॉवर तयार होत होते. ड्रॉवर जिथे बसायचा ती मोकळी जागा सतरा इंच तीन सूत होती. दोन्ही बाजूंना चॅनेलसाठी, म्हणजे ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या पट्ट्यांसाठी, चार-चार सूत सोडायचे, म्हणजे ड्रॉवरची बाहेरची रुंदी सोळा इंच तीन सूत. पुढची आणि मागची पट्टी दोन बाजूंच्या पट्ट्यांच्या मध्ये बसते, आणि बाजूच्या पट्ट्या अर्धा इंची प्लायच्या. तेव्हा आणखी एक इंच वजा करून पंधरा इंच तीन सूत असे उत्तर यायला हवे. मिस्त्रीने मात्र पट्टीवर पंधरा इंच साडेतीन सुतावर खूण केली.

कारण विचारल्यावर त्याने प्लायचा एक तुकडा हातात दिला. बोलण्यात अर्धा इंची असलेला हा प्लाय प्रत्यक्षात १२ मिलिमीटरचा असतो, आणि अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. दोन बाजूंचे मिळून १.४ मिलिमीटर कमी पडतात. अर्धे सूत म्हणजे जेमतेम १.६. उरलेला फरक कापताना पेन्सिलीची रेघ ठेवायची की उडवायची यावर भागवला जातो, आणि मिस्त्रीने मुलाला बजावले ते एवढेच : "रेघ उडव." मुंबईतील बाजारात प्लायचा पत्रा आठ बाय चार फुटांचा आणि त्याची जाडी मिलिमीटरमध्ये, अशी एकाच वस्तूवर दोन मापनपद्धती नांदतात. (घरांचेही तेच आहे, करारात चौरस मीटर आणि बोलण्यात चौरस फूट.) या दोन पद्धतींमधील फट किती आहे आणि ती कोठे लपवायची, हे या कारखान्यातील गणिताचे एक मोठे प्रकरण आहे, आणि ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

त्यानंतरचा प्रसंग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. चार फूट रुंदीच्या पत्र्याचे सारख्या रुंदीचे चार तुकडे करायचे होते. अठ्ठेचाळीस इंचांचे चार भाग, म्हणून मी बारा इंच म्हटले. मुलगा हसला. मिस्त्री म्हणाला, "अहो, पात्यानं खाल्लेलं कोण देणार?" कटरचे पाते प्रत्येक कापाला साधारण एक सूत लाकूड भुसा करून टाकते. चार तुकड्यांना तीन काप लागतात, तेव्हा तीन सूत जातात. अठ्ठेचाळीस इंच म्हणजे ३८४ सूत; त्यातून तीन वजा करून ३८१; त्याचे चार भाग केले की प्रत्येकी सव्वापंच्याण्णव सूत, म्हणजे अकरा इंच आणि सव्वासात सूत. मिस्त्री अकरा-सात धरतो आणि पाव सुताकडे दुर्लक्ष करतो. हा सगळा हिशेब तो असा पायरीपायरीने मांडत नाही. "चार पट्ट्या, अकरा-सात" एवढेच त्याच्या तोंडी असते.

४८ ÷ ४ = १२ हे विधान अर्थातच खोटे ठरत नाही. पण ते खरे असण्यासाठी कापण्याची क्रिया जाडी नसलेल्या रेषेवर व्हावी लागते, आणि अशी रेषा हे शाळेचे गृहीतक आहे. पाठ्यपुस्तकात फीत, दोरी, जमीन, केक असे काहीही कापले तरी काही वाया जात नाही. आपण शिक्षक या संकेताला इतके सरावलेले असतो की तो संकेत आहे हेच आपल्या लक्षात येत नाही. शाळेचे गणित म्हणजे निखळ गणित आणि कारखान्याचे म्हणजे त्याचे एक स्थानिक, कामचलाऊ रूप, अशी मांडणी म्हणूनच मला मान्य नाही. दोन्ही ठिकाणी काय मोजायचे आणि कशाकडे डोळेझाक करायची याचे संकेत आहेत. फक्त शाळेचे संकेत लिहिलेले नसतात आणि कारखान्यातले मिस्त्री ओरडून सांगतो.

कोणते अपूर्णांक सोपे

इंचाचे आठच भाग का, याचे उत्तर निम्मे करण्याच्या क्रियेत आहे. दोरी दुमडली की निम्मी होते, पुन्हा दुमडली की पाव, पुन्हा दुमडली की आठवा भाग. तिसरा किंवा पाचवा भाग असा हाताने काढता येत नाही. आपला जुना चलनव्यवहारही याच जातीचा होता. ३१ मार्च १९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणे होत आणि आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. या व्यवस्थेभोवती मराठी शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेतले जात. दशमान नाणेपद्धती १ एप्रिल १९५७ रोजी आली, पाठोपाठ मेट्रिक मापे आली, आणि औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा हे आज सांगावे लागते. या पाढ्यांच्या जाण्याबद्दल हळहळ व्यक्त करणारे पुष्कळ आहेत, पण ते पाढे ज्या बाजारासाठी होते तो बाजारच उठला, हे ते सांगत नाहीत.

या बदलाने नेमके काय गेले आणि काय आले, हे एका उदाहरणात दिसते. जुन्या रुपयाच्या १९२ पै होत, म्हणून रुपयाचा तिसरा भाग अचूक निघे : पाच आणे चार पै. शंभर पैशांच्या रुपयाचा तिसरा भाग निघत नाही. उलट पाचवा भाग जुन्या रुपयातून निघत नसे, तो आता बरोबर वीस पैसे होतो. प्रत्येक मापनपद्धती काही अपूर्णांकांना पूर्ण संख्येचा दर्जा देते आणि उरलेल्यांना अवघड ठरवते. सोळा आण्यांच्या समाजाला "पाऊण" हा रोजच्या बोलण्यातला आकडा वाटतो. दशमान समाजात वाढलेले मूल त्याच जागी ०.७५ लिहिते, आणि दोघांच्या मनात जे चित्र उमटते ते एक नसते.

नसलेली टेप

वर्गातील पुढचे काम या समजुतीवर आधारलेले होते. बाईंनी छेद समान करण्याची रीत पुन्हा शिकवली नाही. त्यांनी वर्गाला विचारले, "तिसरा भाग आणि पाव, दोन्ही पूर्ण सुतांत मोजता येतील अशी टेप करायची असेल, तर इंचाचे किती भाग पाडाल?" काही मुलांनी बारा म्हटले. आपल्या विद्यार्थ्याला प्रश्नच मान्य नव्हता. "अशी टेप कुठं मिळते, बाई?"

या आक्षेपात उर्मटपणा नव्हता. त्याच्या व्यवहारात एकक हे विकत मिळते. ते गरजेनुसार कल्पायचे असते, ही शाळेच्या गणितातील मध्यवर्ती चाल त्याला कोणी दाखवलेलीच नव्हती. लघुत्तम सामाईक विभाज्य म्हणजे दोन अपूर्णांकांसाठी आपण मनात बनवलेली टेप, एवढाच त्याचा आशय आहे. पण पुस्तकात तो मूळ अवयव पाडण्याच्या उभ्या रेघांखाली दडून जातो. बाईंनी आक्षेप खोडून काढला नाही, थांबल्या. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "इंचाचं नाही, पण फुटाचं आहे की. फुटाचा तिसरा भाग चार इंच, पाव फूट तीन इंच. सात इंच." फळ्यावर ७/१२ लिहिले गेले ते त्याच्या या वाक्यानंतर. तेवढ्यात मागच्या बाकावरून पाचव्या भागाचा प्रश्न आला आणि त्याने टेप उलटी केली : मीटरच्या बाजूला पाचवा भाग वीस सेंटिमीटर, पाव पंचवीस, म्हणून पंचेचाळीस. सातव्या भागासाठी मात्र टेपची कोणतीच बाजू उपयोगी पडली नाही, आणि तिथे, टेप संपली तेथे, त्याने पहिल्यांदा वहीत स्वतःहून अठ्ठावीस भागांची रेघ आखली, सातवा भाग आणि पाव एकाच रेघेवर मांडण्यासाठी.

पुढच्या चाचणीत त्याच्या बेरजा बरोबर आल्या. चाचणीच्या गुणांना मी फार महत्त्व देत नाही. छेद समान करण्याची रीत अर्थ न कळताही पाठ होते. अधिक सूचक गोष्ट ही की २/५ + १/३ चे उत्तर लिहिण्याआधी त्याने कडेला "१५ ची टेप" असे लिहिले होते.

न बसणारा भागाकार

येथपर्यंतचा प्रवास समाधानकारक वाटावा असा आहे. भागाकाराने तो अडवला. ३/४ ÷ १/८ चे उत्तर त्याने रीत न वापरता दिले : पाऊण इंचात सूत सहा. १/८ ÷ ३/४ मात्र त्याला अर्थहीन वाटले. दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणण्याची रीत वापरून त्याने १/६ हे बरोबर उत्तर काढले आणि वर म्हणाला, "उत्तर आलं, पण बसत नाही. सुतात पाऊण इंच कसा जाईल?" भागाकार म्हणजे एका लांबीत दुसरी किती वेळा बसते हे पाहणे, हा त्याचा अर्थ कारखान्यातून आलेला आहे आणि मोठ्या लांबीला लहानाने भागेपर्यंत तो पुरतो.

ही अडचण एका मुलाची नाही. संख्या म्हणजे लांबी किंवा राशी, अशी दृष्टी असणाऱ्या परंपरांना अशाच जागी ठेच लागली आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांतात ऋण संख्यांचे नियम धन आणि ऋण, म्हणजे मालमत्ता आणि कर्ज, या शब्दांत दिले. शून्यातून ऋण वजा केले की धन होते, हे हिशेब ठेवणाऱ्या समाजात सांगणे अवघड नव्हते. याउलट इंग्लंडमध्ये फ्रान्सिस मॅसेरेस यांनी १७५८ साली बीजगणितातून ऋण संख्या शक्य तितक्या हद्दपार कराव्यात असा पुस्तकभर युक्तिवाद केला, कारण शून्यापेक्षा लहान राशी ही कल्पनाच त्यांना असंबद्ध वाटत होती. मॅसेरेस यांना बुद्धी कमी नव्हती. संख्येकडे पाहण्याची त्यांची जागा वेगळी होती. रात्रशाळेतील हा मुलगा भागाकारापाशी अशाच एका जागी उभा आहे, आणि त्याला "रीत वापर, प्रश्न विचारू नकोस" असे सांगणे सोयीचे असले तरी गणिताच्या दृष्टीने लाजिरवाणे आहे.

बाईंनी प्रश्न फिरवून पाहिला : एक सूत हा पाऊण इंचाचा कितवा भाग आहे? "सहावा," तो लगेच म्हणाला, आणि मग जरा चिडूनच, "मग असं विचारा ना. याला भागिले कशाला म्हणता?" किती वेळा बसते आणि कितवा भाग आहे, या दोन प्रश्नांना शाळेने एकच चिन्ह का दिले, याचे उत्तर गुणोत्तराच्या कल्पनेत आहे, आणि तो घटक वर्गाच्या नियोजनानुसार दिवाळीच्या सुट्टीनंतर येतो. त्याची सुरुवात पुस्तकातील उदाहरणाने न करता या प्रश्नाने करायची, असे बाईंनी आपल्या टाचणवहीत नोंदवून ठेवले आहे.